भूल चढलेल्या माणसाच्या वतीने: शस्त्रक्रियेआधी, टेबलावर आणि नंतरची परिचर्या

भूल चढली की माणूस बोलायचा थांबतो. हात अवघडलाय, थंडी वाजतेय, मागच्या वेळी याच औषधाने अंगावर गांधी उठल्या होत्या, यातलं काहीच त्याला सांगता येत नाही. शुद्धीवर आल्यावरही काही तास त्याच्या बोलण्यावर पूर्ण विसंबता येत नाही. या सगळ्या वेळात त्याच्या वतीने विचारणारं, थांबवणारं आणि सांगणारं कुणीतरी लागतं, आणि ते काम परिचारिकेचं असतं. वॉर्ड, ओटी (शस्त्रक्रियेची खोली) आणि रिकव्हरी (शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येईपर्यंत ठेवतात ती खोली) या तिन्ही ठिकाणी काम करून आणि नंतर शिकवून मला हे पटलंय की चुका बहुतेक वेळा रुग्ण एका हातातून दुसऱ्या हातात जाताना होतात. म्हणून नवीन रुजू झालेल्या सिस्टरांसाठी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

दाखल झाल्यावर: बोलता येतंय तोवर विचारून घ्या

छापील फॉर्मवरचे रकाने भरायला पाच मिनिटं पुरतात. पण नुसतं "ॲलर्जी आहे का?" असं विचारलं तर बहुतेक जण "नाही" म्हणतात. त्याऐवजी "कुठल्या औषधाने, इंजेक्शनने किंवा खाण्याने कधी त्रास झालाय का? नेमकं काय झालं होतं?" असं विचारा. मळमळणं वेगळं, ओठ सुजून श्वास अडकणं वेगळं. चार्टवर औषधाचं नाव आणि झालेला त्रास दोन्ही लिहा. रबरी हातमोजे किंवा फुगा तोंडाला लागून खाज सुटते का, हेही विचारा. केळं किंवा किवी खाल्ल्यावर तोंड खाजणाऱ्या काही लोकांना लॅटेक्सची ॲलर्जी असते.

मागे कधी भूल दिली होती का, हा प्रश्न सगळे विचारतात. त्याच्या जोडीचा प्रश्न मात्र बरेचदा राहून जातो: घरातल्या, रक्ताच्या नात्यातल्या कुणाला भुलीत गंभीर त्रास झाला होता का? मॅलिग्नंट हायपरथर्मिया (भुलीत स्नायू घट्ट होऊन अंग वेगाने तापणं) हा आनुवंशिक विकार भुलीचे काही वायू किंवा सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध मिळेपर्यंत गप्प असतो. "माझे काका ऑपरेशनच्या टेबलावर अचानक तापाने गेले" असं एक वाक्य कानावर आलं तर ते त्याच क्षणी भूलतज्ज्ञाला कळवा.

औषधांच्या बाबतीत ठाम विचारा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कोणत्या आणि शेवटची कधी घेतली? मधुमेहाच्या गोळ्या कोणत्या? नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेल्या गोळ्या सहसा तीन-चार दिवस आधी बंद करतात, कारण त्यांच्यामुळे साखर फार वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात घातक आम्ल साचणं) होऊ शकतो. बीटा ब्लॉकर (नाडीचा वेग कमी ठेवणारं औषध) घेणाऱ्याचा सकाळचा डोस मात्र सहसा चुकवत नाहीत. अनेक महिने स्टेरॉइड घेणाऱ्याचं शरीर शस्त्रक्रियेचा ताण स्वतःच्या बळावर पेलू शकेलच असं नाही, ही नोंद सगळ्यांत वर हवी. काढे, चूर्णं, हर्बल गोळ्या यांना लोक औषध मानत नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेऊन विचारा. तंबाखू आणि दारूबद्दल विचारताना आवाजात न्यायाधीश नको. रोज पिणाऱ्या माणसाची दारू अचानक तुटली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो थरथरू लागतो, भ्रमिष्टासारखा वागतो, आणि आधी माहीत नसेल तर ते ऑपरेशनचंच काहीतरी बिघडलंय असं वाटतं.

मग मोजमापं घ्या. नाडी, बीपी, श्वास, ताप, ऑक्सिजन न लावता ऑक्सिमीटरवर दिसणारा आकडा आणि आज केलेलं खरं वजन. पायावर शस्त्रक्रिया असेल तर दोन्ही पावलांच्या नाड्या आणि बोटांची हालचालही. ऑपरेशननंतर रात्री दोन वाजता पावलाची नाडी लागत नसेल, तर ती आधीच लागत नव्हती की आता लागायची थांबली, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हाताऱ्या माणसाला तारीख-वार सांगता येतो का, तो कितपत सावध आहे, हेही आजच लिहून ठेवा.

शिकवायची वेळ आत्ताच

पोटावर टाके आणि डोक्यात गुंगी असताना कुणी नवीन काही शिकत नाही. दीर्घ श्वास कसा घ्यायचा, उशी पोटावर घट्ट दाबून कसं खोकायचं, पावलं घोट्यातून वरखाली कशी करायची, स्पायरोमीटरचा (श्वासाच्या व्यायामाच्या उपकरणाचा) गोळा वर कसा ओढायचा, हे आदल्या दिवशी करून दाखवा आणि त्यांच्याकडून करवून घ्या. वेदना शून्य ते दहा या मापात कशी सांगायची तेही समजावा. जाग येईल तेव्हा अंगाला काय काय लावलेलं असेल, नाकातली नळी, लघवीची पिशवी, ड्रेन (जखमेतलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी), ते आधी सांगितलं तर माणूस ते ओढून काढण्याची शक्यता कमी होते.

संमतीपत्राबद्दल एक गोष्ट स्पष्ट असू द्या. शस्त्रक्रिया, तिचे धोके आणि पर्याय समजावणं हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं काम आहे. परिचारिका सहीची साक्षीदार असते. तरीही मी प्रत्येकाला विचारते, "उद्या काय करणार आहेत, तुमच्या शब्दांत सांगा बरं." उत्तरात बाजू चुकली किंवा "ते काय ते डॉक्टरांना माहीत" असं ऐकू आलं, तर कागद बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवायचं. गुंगीचं औषध दिल्यावर घेतलेली सही ही सही नव्हे. ते औषध सहीनंतरच द्या, आणि दिल्यावर खाटेचे कठडे वर करा.

उपाशी किती वेळ

इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. उपास मोडला तर भूल देताना पोटातलं फुफ्फुसात जाण्याची भीती. पण दुपारी तीनच्या ऑपरेशनसाठी आदल्या रात्री नऊपासून पाण्याचा घोटही बंद केलेले रुग्ण मी जास्त पाहिले आहेत, आणि याचा मला मनापासून राग येतो. कोरडं पडलेलं शरीर भूल देताच बीपी टाकतं, साखर उतरते, शीर सापडत नाही.

सर्वसाधारण नियम २-४-६-८ असा लक्षात ठेवता येतो. साधं पाणी किंवा आरपार दिसणारं पेय दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, हलकं खाणं किंवा इतर दूध सहा तास, तळलेलं आणि भरपेट जेवण आठ तास. दूध घातलेला चहा पेय वाटला तरी तो दुधात मोजायचा. आतडं अडलेलं असेल, गर्भारपण असेल, खूप जुना मधुमेह असेल किंवा तातडीची शस्त्रक्रिया असेल तर पोट लवकर रिकामं होत नाही, तिथे भूलतज्ज्ञ सांगतील तेच. तुम्ही एवढंच करा: ऑपरेशनची वेळ पुढे ढकलली की लगेच फोन करून विचारा, "पाणी देऊ का?" चार्टवर नुसतं "उपाशी" लिहू नका. शेवटचं काय आणि किती वाजता घेतलं ते लिहा.

सकाळची तयारी थोडक्यात. आंघोळ साबणाने किंवा सांगितलेल्या अँटिसेप्टिकने. केस अडथळा करत असतील तरच काढायचे, तेही क्लिपरने आणि शस्त्रक्रियेच्या अगदी जवळच्या वेळी. ब्लेडने झालेल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरांमध्ये जंतू वाढतात. नेलपॉलिश काढायचं, कारण ते ऑक्सिमीटरच्या आड येतं आणि नखांचा रंगही दिसू देत नाही. अंगठी सूज आल्यावर बोटात रुतते. कवळी, कॉन्टॅक्ट लेन्स काढून नाव लिहिलेल्या डबीत ठेवा, हलणारा दात असेल तर कळवा. श्रवणयंत्र आणि चष्मा मात्र भूल देईपर्यंत राहू द्यावा असं माझं मत आहे. ज्याला ऐकू येत नाही त्याला नाव आणि बाजू विचारून काय उपयोग?

चिरा द्यायच्या जागेवर खूण शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी, रुग्ण जागा असताना करायची. तुम्ही तीन गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या: अंगावरची खूण, संमतीपत्र आणि एक्स-रे किंवा स्कॅन. तिन्ही जुळत नसतील तर ट्रॉली वॉर्डाबाहेर काढू नका.

ओटीत: तीन थांबे

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची शस्त्रक्रिया-सुरक्षा यादी आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि रुग्ण खोलीतून बाहेर जाण्याआधी, असे तिचे तीन थांबे आहेत. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली तेव्हा मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पण कागदावर बरोबरच्या खुणा मारून ते आकडे खाली येत नाहीत. दुसऱ्या थांब्याला सगळ्यांचे हात थांबले पाहिजेत. कुणी हातमोजे चढवतंय, कुणी फोनवर बोलतंय आणि सिस्टर एकटीच वाचतेय, असं असेल तर वाचणं थांबवा आणि सगळे गप्प होईपर्यंत थांबा.

याच थांब्याला अँटिबायोटिक विचारलं जातं. ते चिऱ्याच्या आधीच्या ६० मिनिटांत शिरेत गेलेलं असावं. व्हँकोमायसिनसारखं हळू चढवायचं औषध १२० मिनिटांच्या आत सुरू करतात. वॉर्डातून "दिलं" असा निरोप आला तर किती वाजता दिलं ते विचारा. ओटीची रांग लांबली की दोन तासांपूर्वीचा डोस "दिलेला" म्हणून धरला जातो.

भूल देताना रुग्णाच्या डोक्याजवळ उभ्या राहा आणि खोलीतली बडबड थांबवा. माणूस झोपतानाचं शेवटचं ऐकतो ते ट्रे आपटल्याचं असू नये. आणि त्या क्षणी भूलतज्ज्ञाला मोकळे हात हवे असतात.

टेबलावरची ठेवण

या भागावर मी जरा रेंगाळते, कारण इथली इजा तासांनी नाही तर दिवसांनी कळते आणि महिनोन्महिने राहते. जागा माणूस झोपेतही कूस बदलतो. भुलीतला माणूस मज्जातंतूवर चार तास दाब आला तरी हलत नाही.

हात फळीवर पसरायचा असेल तर खांद्यापासून ९० अंशांच्या आत ठेवा, तळवा वर, कोपराखाली मऊ पॅड. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी अल्नर नस इथेच चेपते आणि करंगळी बधिर राहते. पाय स्टिरपमध्ये (पाय उंच धरून ठेवणाऱ्या आधारांत) ठेवताना दोघींनी मिळून दोन्ही पाय एकदम वर घ्यायचे, एकदमच खाली आणायचे आणि खाली आणताना सावकाश. पायांतलं रक्त परत पायांत उतरतं तेव्हा बीपी घसरतं, म्हणून आधी भूलतज्ज्ञाला सांगून मगच हलवा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दांडा टेकलेला असेल तर तिथली नस दबून पाऊल लोंबकळतं. पालथं झोपवलं तर डोळ्यांवर काहीही टेकता कामा नये, पोट मोकळं लोंबलं पाहिजे. टाचा नेहमी हवेत. दिवस भरत आलेल्या गर्भवतीला उजव्या कुशीखाली उशी देऊन डावीकडे थोडं कलतं करायचं, नाहीतर गर्भाशयाचं ओझं मोठ्या शिरेवर पडतं.

कॉटरीची (विजेने कापायच्या आणि रक्त थांबवायच्या यंत्राची) अंगाला चिकटवायची प्लेट मांसल, कोरड्या, केस नसलेल्या जागी आणि पूर्ण चिकटलेली हवी. हाडावर, व्रणावर किंवा आत धातू बसवलेल्या जागेवर नको. रुग्णाला हलवलं की प्लेट पुन्हा तपासायची. अल्कोहोलयुक्त अँटिसेप्टिक लावल्यावर ते निदान तीन मिनिटं आणि पूर्ण कोरडं होईपर्यंत सुकू द्या. बेंबीत, केसांत किंवा अंगाखालच्या चादरीत साचलेलं पुसून घ्या. वर कापडं, आत अल्कोहोलची वाफ, बाजूला ऑक्सिजन आणि हातात कॉटरी, यातून आग लागते.

अंग थंड पडू देऊ नका. भुलीच्या पहिल्या तासात आतलं गरम रक्त कातडीकडे पसरतं आणि तापमान एक ते दीड अंशाने खाली येऊ शकतं. ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, जखम पिकण्याचा धोका वाढतो आणि औषधांचा अंमल लांबतो. गरम हवेचं पांघरूण आधीपासून घातलं तर हा उतार बराच रोखता येतो. थरथर सुरू झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा हे सोपं.

मोजणी

मॉप (रक्त टिपायचे मोठे कापडी तुकडे), गॉज, सुया, ब्लेड, हत्यारं, हे सगळं मोजायचं: सुरू होण्याआधी, पोकळी शिवण्याआधी आणि कातडी शिवताना. मधे सिस्टर बदलली तर तेव्हाही. दोघींनी मोठ्याने, प्रत्येक नग सुटा करून, डोळ्यांनी बघत मोजायचं. गठ्ठ्यावर "दहा" छापलंय म्हणून दहा धरायचे नाहीत. पोटात वापरायचे मॉप एक्स-रेत दिसणाऱ्या धाग्याचेच हवेत आणि ते कधीही कापायचे नाहीत. शेवटची मोजणी जुळेपर्यंत कचऱ्याची एकही पिशवी खोलीबाहेर जाता कामा नये.

जुळलं नाही तर लगेच आणि स्पष्ट सांगायचं: "सर, एक मॉप कमी आहे. शिवणं थांबवा." माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एक मॉप कमी भरला होता. मी दोनदा मनातल्या मनात मोजलं, कारण सांगायची हिंमत होत नव्हती. तोवर आतला थर शिवून झाला. मग सांगितलं, टाके उसवले, मॉप आतच निघाला. रुग्ण बरा होऊन घरी गेला, पण ती वाया गेलेली चार मिनिटं माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत. शोधूनही सापडलं नाही तर टेबलावरच एक्स-रे काढतात आणि झालं ते सगळं नोंदवतात.

निर्जंतुक क्षेत्राचा नियम एवढाच की शंका आली म्हणजे ते निर्जंतुक नाही. गाऊन पुढून छातीपासून टेबलाच्या पातळीपर्यंतच निर्जंतुक धरायचा. पाठ आणि काख कधीच नाही. मोकळ्या हाताने फिरणाऱ्या सिस्टरने मांडलेल्या ट्रेपासून निदान ३० सेंटिमीटर लांब राहावं. रक्त किती गेलं याचा अंदाज नजरेने घेऊ नका. ओला मॉप वजन करून त्यातून कोऱ्या मॉपचं वजन वजा करा, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. धुण्यासाठी ओतलेलं पाणी सक्शनच्या बाटलीतून वजा करायला विसरू नका. काढलेल्या गाठीच्या डबीवर नाव, अवयव आणि बाजू तिथेच लिहा. ती फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी विचारा, कारण जंतूंच्या तपासणीला किंवा फ्रोझन सेक्शनला (शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून करायच्या तपासणीला) जाणारा तुकडा फॉर्मॅलिनने वाया जातो.

सुरुवातीला सांगितलेला मॅलिग्नंट हायपरथर्मिया टेबलावर उद्भवला, तर त्यात ताप बहुधा उशिरा चढतो. आधी श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, नाडी धावते, जबडा घट्ट होतो. त्यावरच्या डॅन्ट्रोलीन या औषधाचा पहिला डोस किलोमागे २.५ मिलिग्रॅम असतो. २० मिलिग्रॅमची एक बाटली ६० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात विरघळवावी लागते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला आठ बाटल्या. म्हणून पहिली हाक जास्तीच्या हातांसाठी मारा.

रिकव्हरी: पहिला तास

भूलतज्ज्ञ रुग्ण घेऊन आले की आधी ऑक्सिजन, ऑक्सिमीटर, बीपी लावून पहिले आकडे दिसू द्या आणि मग निरोप ऐका. काय शस्त्रक्रिया झाली, कोणती भूल, किती रक्त गेलं, काय दिलं, शेवटची वेदनाशामक मात्रा किती वाजता, कुठे ड्रेन, कशाची काळजी वाटते. हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारते. त्याचं उत्तर कागदावर कधीच नसतं.

सगळ्यांत आधी श्वासाची वाट. घोरणं म्हणजे वाट अर्धी बंद. छाती हलतेय पण आवाजच नाही, हे त्याहून वाईट. हनुवटी वर उचला, जबडा पुढे ढकला, हरकत नसेल तर कुशीवर वळवा. स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उरला असेल तर माणूस मासा पाण्याबाहेर काढल्यासारखा झटके देत हलतो, डोकं पाच सेकंद उचलून धरू शकत नाही. हे दिसलं तर भूलतज्ज्ञाला बोलवा.

रुग्ण अस्वस्थ आहे, हात झाडतोय, उठून बसतोय, तर "दुखत असेल" म्हणून लगेच मॉर्फीन देऊ नका. आधी ऑक्सिजन बघा, मग बीपी, मग मूत्राशय भरलंय का, आणि मगच वेदना. ऑक्सिजन कमी पडलेल्या माणसाला मॉर्फीन दिलं तर तो शांत होतो, आणि तीच शांतता घातक ठरते. मॉर्फीननंतर आधी गुंगी वाढते, नंतर श्वास मंदावतो. म्हणून हाक मारल्यावर तो किती पटकन डोळे उघडतो याची नोंद श्वासाच्या आकड्याइतकीच महत्त्वाची. ऑक्सिजन लावलेला असताना ऑक्सिमीटर बराच वेळ चांगला आकडा दाखवत राहतो, त्यामुळे मिनिटाचे श्वास स्वतः मोजा. नॅलोक्सोन (मॉर्फीनचा उतारा) देऊन जाग आली तरी पहारा उठवू नका, कारण त्याचा अंमल मॉर्फीनच्या आधी संपतो आणि रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो.

पहिली पंधरा मिनिटं दर पाच मिनिटांनी, पुढे दर पंधरा मिनिटांनी नोंद करा. वॉर्डात पाठवण्याआधी बरीच ठिकाणं १९७० मध्ये सुचवलेलं आल्ड्रेट गुणांकन वापरतात: हालचाल, श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि ऑक्सिजन, प्रत्येकी शून्य ते दोन. (ऑक्सिजनचा मुद्दा आधी त्वचेच्या रंगाचा होता, तो १९९५ मध्ये बदलला.) दहापैकी नऊ किंवा जास्त मिळाले की साधारणपणे पाठवतात.

आत रक्त वाहतंय हे कसं कळतं

धडधाकट माणसाचं बीपी तीस टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत टिकून राहू शकतं. त्याआधी नाडी चढते, हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, आणि माणूस "सिस्टर, मला कसंतरी होतंय" म्हणतो. हे वाक्य कधीही हसण्यावारी नेऊ नका. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याची नाडी मात्र चढेलच असं नाही. म्हणून एकट्या आकड्याकडे न बघता आकडे कुठल्या दिशेने सरकताहेत ते बघा. ८०, ९२, १०४ ही नाडी एकदाच पाहिलेल्या ११० पेक्षा जास्त काही सांगते.

ड्रेसिंग वरून कोरडं असलं तरी पाठीखाली हात घालून बघा, रक्त उताराकडे जातं. ड्रेनमध्ये काही नाही म्हणजे रक्तस्राव नाही असं नव्हे, गुठळीने नळी बंदही होते. मानेच्या, विशेषतः थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर मानेमागे हात फिरवायचा आणि रुग्णाला बोलायला लावायचं. आवाज बदलला, गिळायला त्रास होऊ लागला, मान फुगली तर वेळ मिनिटांत मोजायची असते. टाके उघडायचं साहित्य त्याच्या उशाशीच हवं. दुसऱ्या दिवशी ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियम तपासायला सांगा.

वॉर्डातले दिवस

लघवी तासाला किलोमागे अर्धा मिलिलिटर हवी. ६० किलोच्या माणसाला ३०. कमी दिसली की आधी नळी कुठे मुडपलीय का बघा, मग कळवा. कॅथेटर नसेल आणि सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल तर ओटीपोट चाचपून किंवा स्कॅनने मूत्राशय तपासा. पाठीत भूल दिलेल्याला मूत्राशय भरलंय हे जाणवतच नाही. त्याच्या पायांत शक्ती ठरल्या वेळेत परत येतेय का तेही बघा. एकदा हलू लागलेले पाय पुन्हा जड पडले, सोबत पाठीत जोराचं दुखलं, तर मज्जारज्जूवर दाब आला असू शकतो. सकाळच्या राउंडची वाट बघू नका.

वेदना झोपलेल्या स्थितीत विचारून काही कळत नाही. रुग्णाला सांगा, "खोकून दाखवा, कूस बदला, आता किती दुखतं?" चालवायच्या अर्धा तास आधी गोळी दिली तर माणूस चालतो. पहिल्यांदा उठवताना पाय खाली सोडून बसवा, बीपी घ्या, चक्कर नसेल तरच उभं करा, आणि दोघीजणी असा. जागेपणी दर तासाला स्पायरोमीटरने दहा दीर्घ श्वास. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली तर चोळू नका. गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. अचानक दम लागणं हे त्याचंच लक्षण असू शकतं.

तापाचा दिवस बरंच सांगतो. पहिल्या दोन दिवसांतला हलका ताप बहुधा शस्त्रक्रियेच्या इजेचाच असतो. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी लघवीचा संसर्ग, पाचव्यानंतर जखम. पण पहिल्याच दिवशी चढलेला ताप आणि जखमेत बघवत नाही इतकी वेदना, हा वेगाने मांस कुजवणारा संसर्ग असू शकतो, ड्रेसिंग लगेच उघडून डॉक्टरांना दाखवा. एरवी पहिलं ड्रेसिंग २४ ते ४८ तास उघडत नाहीत. डाग दिसला तर पेनाने कडा आखून वेळ लिहा.

पोटाची जखम फाटायची भीती पाचव्या ते दहाव्या दिवसांत जास्त असते. अचानक गुलाबी पाणी येतं, किंवा रुग्ण म्हणतो, "खोकताना काहीतरी सुटल्यासारखं झालं." अशा वेळी:

- रुग्णाला सोडून जाऊ नका, हाक मारून मदत मागवा.
- डोकं थोडंच वर आणि गुडघे वाकवून झोपवा.
- बाहेर आलेलं आतडं आत ढकलू नका. सलाईनमध्ये भिजवलेल्या निर्जंतुक गॉजने झाका आणि ओलं ठेवा.
- तोंडाने काही देऊ नका, शिरेची वाट तयार ठेवा, नाडी-बीपी घेत राहा.

म्हाताऱ्या माणसांना रात्री भ्रम होतो. ओरडणारा लक्षात येतो, पण गप्प पडून छताकडे बघणारा कुणाच्या नजरेत येत नाही, आणि त्यालाही तोच आजार असतो. चष्मा, श्रवणयंत्र परत लावा, दिवसा पडदे उघडा, रात्री विनाकारण उठवू नका. इथे पहिल्या दिवशीची तुमची नोंद कामी येते.

डॉक्टरांना रात्री फोन करताना नुसतं "पेशंट बरा वाटत नाही" म्हणू नका. असं बोला: "सर, खाट सातवरच्या, काल आतड्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईंबद्दल बोलतेय. दोन तासांत नाडी ८४ वरून ११८ झालीय, बीपी १०४/६२, लघवी दोन तासांत २५ मिलिलिटर, हात गार आहेत. मला आत रक्तस्राव वाटतोय. तुम्ही आत्ता येऊन बघावं." मग ते जे सांगतील ते परत वाचून दाखवा आणि वेळेसकट लिहा. कुणी आलं नाही तर त्यांच्या वरच्यांना फोन करा.

घरी सोडताना

भूल दिल्यावर पहिले २४ तास गाडी चालवायची नाही, महत्त्वाच्या कागदांवर सही करायची नाही, एकटं राहायचं नाही. कोणती गोळी कधी, बंद केलेली जुनी औषधं कधी सुरू करायची, टाके कधी काढायचे, हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून द्या. मग कागद उलटा ठेवा आणि विचारा, "आता मला सांगा, घरी काय झालं तर लगेच यायचं?" ताप, वाढत जाणारी वेदना, जखमेतून पू, पोटरीची सूज, दम, न थांबणारी उलटी, लघवी न होणं. यातलं जे त्यांच्या तोंडून आलं नाही, तेवढं पुन्हा समजावून पुन्हा विचारा.